शमुवेल, सामवेल, सामाजी

झाडीबोलीत ‘श’ नाही. ‘ष’ नाही, ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग एवढ्या झाडीपट्टीत बोलल्या जाणाऱ्या या बोलीचा कसून अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केलेला आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. डोळ्याचा ‘डोरा’ होतो, पाण्याचे ‘पानी’ होते, शेताचे ‘सेत’ होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुढील मजकुरास ते पुरेसे आहे. प्रमाणभाषेत शिकून आलेली माणसे या उच्चारांना सरसकट अशुद्ध म्हणत आली. पुण्यामुंबईकडे नोकरीला गेलेल्या आमच्या कित्येक पोरांनी केवळ या ‘न’ आणि ‘ण’च्या धाकाने चारचौघांत तोंड उघडणे सोडून दिल्याचे मी पाहिले आहे. पण आज ज्या शब्दाविषयी लिहायचे आहे तो शब्द मराठीतला नव्हे, संस्कृतातलाही नव्हे. तो एका माणसाचे नाव आहे, हिब्रू भाषेतले, आणि त्याची सुरुवात नेमकी ‘श’ने होते.

माझ्या एका वर्गमित्राचे नाव शमुवेल होते. आडनाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ते अस्सल वैदर्भीय होते एवढे सांगितले म्हणजे झाले. वडील रेल्वेत होते. गोंदिया हे तेव्हा भंडारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव (स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला), पण जंक्शन म्हणून त्याचा रुबाब जिल्ह्याच्या गावाहून मोठा. हावड्याची मोठी लाइन, आणि बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी लाइन. या दोन रुळांनी गावात तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, सिंधी, अँग्लो-इंडियन अशी नाना तऱ्हेची माणसे आणून सोडली होती. त्यामुळे परक्या नावांची आम्हाला अपूर्वाई नव्हती. शमुवेलचे घर मात्र परके नव्हतेच. त्यांच्या घरी बोलली जाणारी भाषा आमच्या घरचीच होती, सणासुदीचा भात आणि वडेही तेच. फरक इतकाच की रविवारी सकाळी ते घर देवळात जाई. ‘देऊळ’ हा त्यांचाच शब्द. ‘चर्च’ त्यांच्या आजीच्या तोंडी कधी आला नाही. ही आजी नातवाला ‘सामवेल’ म्हणे. गल्लीनेही तेच उचलले. आमच्या एका गुरुजींनी हजेरी घेताना एकदा थांबून विचारले होते, ‘‘सामवेल म्हणजे रे कोणती वेल? पळसवेल ठाऊक आहे मला.’’ वर्ग हसला. शमुवेलही हसला. त्याला उत्तर ठाऊक नव्हते आणि गुरुजींनाही ते हवे नव्हते.

ते उत्तर मी बऱ्याच वर्षांनी, मराठी शिकविण्याच्या नोकरीत स्थिरावल्यावर, निव्वळ कुतूहलाने शोधू लागलो. गंमत अशी की हा प्रश्न मूळ ग्रंथातच सुटलेला नाही.

बायबलच्या जुन्या करारात ‘शमुवेल’ नावाची दोन पुस्तके आहेत. पहिल्या पुस्तकाच्या आरंभीच कथा येते ती एका निपुत्रिक बाईची. एलकाना नावाच्या गृहस्थाच्या दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नेला मुले आहेत, हन्नेला नाहीत, आणि सवत तिला त्यावरून वर्षानुवर्षे टोचून बोलते. शिलो येथील देवस्थानी वार्षिक यज्ञासाठी कुटुंब गेले असता हन्ना एकटीच उठून देवापुढे जाते आणि नवस बोलते : मला मुलगा दे, मी तो तुलाच वाहीन. ती मनातल्या मनात बोलते आहे, ओठ तेवढे हलत आहेत. एली नावाचा म्हातारा पुरोहित दाराशी बसलेला. त्याला वाटते की बाई दारू प्यायली आहे. पुढे नवस फळतो, मुलगा होतो, दूध सुटल्यावर ती त्याला खरोखरच देवस्थानी नेऊन सोडते आणि दरवर्षी येताना त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून आणते. हा झग्याचा तपशील मला सगळ्या कथेत श्रेष्ठ वाटतो. मूल वाढते आहे, अंगावरचे कापड दरसाल तोकडे होते आहे, आणि आईला त्याचे माप केवळ अंदाजाने ठरवावे लागते आहे, हे सारे लेखकाने न सांगता सांगितले आहे. मराठी वाचकाला या कथेतले काहीच समजावून सांगावे लागत नाही. सवतीचा जाच, नवस, देवाला वाहिलेले मूल, हे सगळे आपल्या ओव्यांनी आणि कहाण्यांनी पिढ्यान्पिढ्या पाहिलेले आहे.

अडचण येते ती नावाच्या अर्थापाशी. मुलाचे नाव शमुवेल का ठेवले, तर ‘मी त्याला परमेश्वरापाशी मागून घेतले म्हणून’, असे हन्ना सांगते. हिब्रूत ‘मागणे’ या अर्थाचा धातू आहे ‘शाअल’. त्यापासून ‘शमुवेल’ होत नाही. होते ते ‘शाऊल’, मराठी बायबलातला ‘शौल’, म्हणजे ‘मागितलेला’. हा शौल इस्राएलचा पहिला राजा, आणि त्याला राज्याभिषेक करणारा तो हाच शमुवेल. कथेच्या याच अध्यायाच्या शेवटी हन्ना मुलाला देवाच्या हवाली करते तेव्हा मुळात ‘शाऊल’ हा शब्द जसाच्या तसा येतो. म्हणून काही अभ्यासकांनी असा तर्क केला की ही जन्मकथा आधी शौल राजाची असावी आणि नंतर ती संदेष्ट्याच्या नावावर चढविली गेली असावी. तर्क पटो न पटो, ‘शाऊल’चे मराठी भाषांतर मात्र मला आमच्याच भागात आयते सापडले. विदर्भ-मराठवाड्यात ‘नवसाजी’ हे नाव आजही जुन्या माणसांत आढळते. शौल म्हणजे नवसाजी, अक्षरशः.

मग शमुवेलचा अर्थ काय? सामान्य लोक ‘देवाने ऐकले’ असा सांगतात. ‘शामा’ म्हणजे ऐकणे, ‘एल’ म्हणजे देव. ऐकायला हे गोड वाटते, कारण हन्नेचे देवाने ऐकलेच. शिवाय पुढे लहान शमुवेलला रात्री कोणीतरी नावाने हाक मारते, तो तीनदा उठून एलीकडे धावत जातो आणि तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या ध्यानात येते की हाक आपण मारलेली नाही. सगळी कथाच ऐकण्याची आहे. पण ‘ऐकणे’ या धातूच्या शेवटी हिब्रूत ‘अयिन’ नावाचे एक कंठ्य व्यंजन आहे आणि ते शमुवेलच्या नावात नाही. ते आहे ‘इश्माएल’ या नावात. ‘देव ऐकतो’ हा अर्थ इश्माएलचा. अरबीतला इस्माईल तो हाच. शमुवेलमध्ये दिसतो तो ‘शेम’, म्हणजे नाव. ‘एलचे नाव’ किंवा ‘ज्याचे नाव एल आहे तो’ असा अर्थ बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ग्राह्य धरतात. मेसोपोटेमियातील लार्सा नगरीच्या एका राजाचे नाव सुमु-एल असे होते, तेही इसवीसनपूर्व एकोणिसाव्या शतकाच्या सुमारास. अर्थात, हन्नेच्या किती शतके आधीपासून हे नाव चालत आलेले होते. तात्पर्य, ज्या नावाच्या पोटातच ‘नाव’ हा शब्द आहे त्याचा अर्थ त्याच्या आईने वेगळाच सांगितला. नावे अशीच असतात. आई सांगेल तो अर्थ घरात चालतो. व्याकरण बाहेर उभे राहते.

आता पुन्हा ‘श’कडे येऊ. अलेक्झांड्रियातील यहुदी पंडितांनी इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकापासून पुढे आपल्या धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर केले. ग्रीक भाषेत ‘श’ हा ध्वनी नव्हता, म्हणून त्यांनी ‘सामुएल’ असे लिहिले. ग्रीकातून लॅटिन, लॅटिनमधून युरोपच्या सगळ्या भाषा. ‘श’ गेला तो गेलाच. मोशेचा मोझेस झाला, शलोमोचा सॉलोमन झाला, येरुशलायिमचे जेरुसलेम झाले. इंग्रजीजवळ ‘श’ असूनही हे झाले, कारण इंग्रजीने ही नावे हिब्रूच्या तोंडून ऐकली नव्हती. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी मात्र मूळ हिब्रू पुढे ठेवून नावे घडविली आणि देवनागरीत ध्वनींची टंचाई नसल्यामुळे मोशे, शलमोन, यशया, यरुशलेम, शमुवेल अशी मुळाशी कितीतरी जवळची रूपे आपल्याकडे आली. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणूस ज्या नावाने संदेष्ट्याला ओळखतो ते इंग्रज माणसाच्या उच्चाराहून अधिक ‘शुद्ध’ आहे. आणि मग ते नाव झाडीपट्टीत आले, आमच्या शमुवेलच्या आजीच्या तोंडी पडले आणि पुन्हा ‘सामवेल’ झाले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी जे केले तेच या निरक्षर बाईने केले, आणि अगदी त्याच कारणासाठी. पंडितांच्या रूपाला आपण परंपरा म्हणतो. आजीच्या रूपाला अशुद्ध.

याच ‘श’वरून त्याच ग्रंथसमूहात एक भीषण प्रसंग आहे. शास्ते नावाच्या पुस्तकात गिलादी आणि एफ्राइमी या दोन टोळ्यांत युद्ध होते. पराभूत एफ्राइमी यार्देन नदीचा उतार ओलांडून घरी परतू पाहतात. उतारावर गिलादी पहारा. येणाऱ्याला ते एकच शब्द म्हणायला सांगत : ‘शिब्बोलेथ’. एफ्राइमी माणसाला ‘श’ म्हणता येत नसे, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे, आणि तेथेच त्याचा गळा कापला जाई. ग्रंथ मेलेल्यांचा आकडा बेचाळीस हजार असा देतो. शब्दाचा अर्थ काय, तर कणीस. आमच्या धानाच्या मुलखात म्हणायचे तर लोंब. सगळी झाडीपट्टी धान पिकवते आणि सगळी झाडीपट्टी त्या उतारावर मारली गेली असती. हा शब्द पुढे इंग्रजीत ‘ओळख पटविण्याची खूण’ या अर्थाने रूढ झाला. मराठीला तो उसना घेण्याची गरज पडली नाही. आपल्यापाशी ‘आनी-पानी’ होतेच. गळा कापला जात नाही इतकेच. मुलाखतीत नाव कापले जाते.

युरोपात या नावाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वश्रुत आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती लोकांना संतांची नावे प्रिय होती. जुन्या करारातील नावांना खरा बहर आला तो धर्मसुधारणेनंतर, विशेषतः सतराव्या शतकातील प्युरिटनांमुळे. सॅम्युएल पेपिस, सॅम्युएल जॉन्सन, सॅम्युएल टेलर कोलरिज ही मालिका इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यास पाठच असते. अमेरिकेत सरकारकडे १८८० पासून मुलांच्या नावांच्या लोकप्रियतेची जी आकडेवारी आहे तीत हे नाव पहिल्या शंभरातून कधी बाहेर पडल्याचे दिसत नाही. साहित्याचे नोबेल १९६६ साली श्मुएल अग्नोन या हिब्रू लेखकाला (नेली झाक्स यांच्यासमवेत) आणि १९६९ साली सॅम्युएल बेकेटला मिळाले; एकच नाव, एकदा ‘श’सह, एकदा ‘श’विना. जाता जाता एक गैरसमज दूर करावा. सॅम माणेकशांचा ‘सॅम’ हा सॅम्युएलचा संक्षेप नव्हे. पारशांचा साम हा फिरदौसीच्या शाहनाम्यातला वीर, रुस्तमचा आजोबा.

आपल्याला अधिक जवळची हकिकत मुंबईची आणि कोकणची आहे.

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, बेने इस्राएल नावाचा यहुदी समाज शतकानुशतके तेल गाळण्याचा धंदा करीत राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. भाषा मराठी, पेहराव मराठी, आडनावे गावांवरून : किहीमचे केहिमकर, दिवे आगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. आणि नावे? नावे मुळात हिब्रू, पण कोकणच्या हवेत मुरलेली. अब्राहामचा आबाजी, मोशेचा मुसाजी, एलियाचा एलोजी, यहेज्केलचा हसाजी आणि शमुवेलचा सामाजी. पुण्याच्या कोणत्याही जुन्या दफ्तरात सामाजी हे नाव वाचून कोणी दचकणार नाही. आमच्याकडच्या सोमाजीच्या शेजारी तो बिनदिक्कत बसेल.

यांतला सर्वांत प्रसिद्ध सामाजी म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजी कागदपत्रांत सॅम्युएल इझिकेल दिवेकर. हा कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होता. इंग्रज-म्हैसूर युद्धात तो टिपूच्या कैदेत पडला. परंपरा अशी सांगते की कैद्यांना मृत्युदंड व्हायचा होता. जात विचारली तेव्हा याने ‘बेने इस्राएल’ असे सांगितले. टिपूच्या आईने हे नाव कुराणात वाचलेले होते, ही माणसे आपल्याला पाहायला तरी मिळाली म्हणून तिने रदबदली केली आणि प्राण वाचले. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस त्याने केला होता. तो त्याने १७९६ साली फेडला. मुंबईतील पहिले सिनेगॉग ते हेच, ‘शाआर हारहामिम’, म्हणजे दयेचे द्वार. त्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव पडले. बेने इस्राएल लोक स्वतः आपल्या मंदिराला ‘मशीद’च म्हणत, आणि जवळच्या ‘मस्जिद’ या रेल्वे स्थानकाचे नाव या यहुदी मशिदीवरूनच आले असे मानले जाते. पुढच्याच वर्षी, १७९७ मध्ये, सामाजी कोचीनला वारला. हन्नेचा शमुवेल नवसाने झाला. दिवेआगरच्या शमुवेलने नवस करून घेतला आणि फेडला. या योगायोगाला मी फार महत्त्व देत नाही, पण तो नजरेआड करणेही जमत नाही.

एका तपशिलाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. माणूस सामाजी होता आणि रस्ता सॅम्युएल झाला. हे केवळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीने घडले नाही. एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएलांनी स्वतःच आपली जुनी रूपे मागे ठेवली. कोचीनच्या यहुदी गुरूंनी त्यांना हिब्रू प्रार्थना शिकविल्या. पाठोपाठ स्कॉटिश मिशनरी आले. जॉन विल्सनने १८३२ साली हिब्रूचे व्याकरण चक्क मराठीत लिहिले ते या समाजासाठीच. आपली मूळ नावे काय होती हे कळल्यावर आबाजींना अब्राहाम व्हावेसे वाटले, सामाजींना सॅम्युएल. लक्षात घ्या, श्मुएल नव्हे. मूळ शोधायला निघालेली माणसे इंग्रजी रूपापाशी थांबली, कारण तेव्हा प्रतिष्ठा तेथे होती. समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणाऱ्या गृहस्थांचे नाव हाईम सॅम्युएल केहिमकर. नाव, मग वडिलांचे नाव, मग गावावरून आडनाव. घडण संपूर्ण मराठी आणि मधला शब्द इंग्रजी वळणाचा. (त्यांचा ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला.) १९४८ नंतर बहुसंख्य समाज इस्राएलला गेला आणि तेथे सॅम्युएलांचे श्मुएल झाले. सामाजी, सॅम्युएल, श्मुएल : दोनशे वर्षांच्या आत एकाच घराण्यात तीन नावे नांदू शकली. मला यांतला सामाजी गमावल्याचे दुःख आहे, हे कबूल करतो. ज्यांची नावे आहेत त्यांना ते नसेल, आणि त्यांना ते असावे असा आग्रह धरण्याचा अधिकार मला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मिसळून गेलेली माणसे नेहमीच मोहक वाटतात; मिसळून जाताना काय हरवले त्याचा हिशेब आत असतो.

मराठी ख्रिस्ती समाजात हा प्रश्न उलट्या बाजूने आला. तेथे नावे आधी मराठी होती, हिब्रू नावे नंतर आली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपीय प्रवासी भेटला आणि त्याने त्यांना बायबलची प्रत दिली, ही कथा प्रसिद्ध आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारी लाइन गोंदियावरूनच जाते, त्यामुळे आम्हा गोंदियाकरांना ती जरा जास्तच आवडते. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नारायण वामनच राहिले. बाबा पदमनजींनीही नाव टाकले नाही. याच्या बरोबर उलट उदाहरण हिमाचलात सफरचंदांच्या बागा उभ्या करणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचे. सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स हिंदू झाले आणि १९३२ पासून सत्यानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. टिळकांची वृत्ती मला वंद्य आहे. पण तिच्यावरून नियम काढून ‘मराठी ख्रिश्चनांनी परकी नावे ठेवू नयेत’ असे सांगणारी जी शहाणी माणसे भेटतात त्यांच्याशी माझे जमत नाही. टिळकांपाशी टाकून देण्याजोगे मोठे नाव होते म्हणून ते राखण्याला अर्थ आला. ज्यांना गावाने दगडू, केरबा, कचरू एवढीच नावे दिली होती त्यांनी मुलाला एका संदेष्ट्याचे नाव दिले तर ते परकेपण नव्हे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भात घरोघरी सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद आले ते याच हौसेने आणि याच हक्काने.

आणि मिलिंद तरी कुठला? तो ग्रीक राजा मिनँडर. पाली भाषेने त्याला मिलिंद केले, बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याचे नाव दिले, आणि आज कोणत्याही मराठी मिलिंदला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे कोणी विचारत नाही. शहाजी हे नाव नगरच्या शहाशरीफ या पिराला मालोजींनी केलेल्या नवसातून आले असे परंपरा सांगते. फारसी ‘शहा’ला आपला ‘जी’ लागला आणि तो महाराष्ट्राचा पिता झाला. सामाजीची घडण त्याहून तिळभरही वेगळी नाही. तरीही आमचा शमुवेल साठीपर्यंत जेथे जेथे नाव सांगे तेथे तेथे पुढचा प्रश्न ठरलेला असे : ‘केरळचे का?’ तो शांतपणे सांगे, ‘नाही जी, आमगावकडचा.’

तो काही वर्षांपूर्वी वारला. सरकारी खात्यात लिपिक म्हणून निवृत्त झालेला होता. वहिनींचे कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू व्हायचे होते, आणि तेव्हा असे निष्पन्न झाले की कागदांवर तो पाच वेगवेगळी माणसे होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शामवेल’, सेवापुस्तकात ‘सॅम्युअल’, आधारपत्रावर ‘सामुएल’, शिधापत्रिकेवर ‘सामवेल’ आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘शमूवेल’. संबंधित कार्यालयातील कर्मचाऱ्याचा युक्तिवाद बिनतोड होता : यांतले खरे कोणते ते तुम्हीच ठरवा आणि पुराव्यासह सादर करा. वहिनी चौदा महिने फेऱ्या घालत होत्या. शेवटी परिचितांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागली. एक मी केले. मुद्रांकावर, नोटरीसमोर, ‘वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची असून मी त्या व्यक्तीस बालपणापासून ओळखतो’ असे मी लिहून दिले. कार्यालयाबाहेरच्या टंकलेखकाने ती पाच नावे पुन्हा टंकित करताना सहावे रूप निर्माण केले होते. ते वेळीच ध्यानात आले म्हणून बरे. नाहीतर आणखी दोन महिने गेले असते. त्या कर्मचाऱ्याला मी अलेक्झांड्रियाच्या पंडितांची हकिकत सांगणार होतो. रांग मोठी होती.

दोन वर्षांपूर्वी शमुवेलच्या मुलीला मुलगा झाला. आजोबांचेच नाव ठेवायचे हे घरात ठरलेले होते. जन्मनोंदणीच्या अर्जात नाव इंग्रजीत आणि मराठीत अशा दोन्ही रकान्यांत भरावे लागते. इंग्रजीचे काही अडले नाही. मराठीच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला, आणि तिने मला फोन केला. ‘‘काका, बाबांचे खरे नाव कोणते लिहू? बायबलात शमुवेल आहे, माझ्या सासरचे सॅम्युएल म्हणतात, आई सामवेलच म्हणणार.’’

मी तिला दोन प्रश्न विचारले. पुढे शाळेत, बँकेत, आधारपत्रावर तू स्वतः हजर राहून तेच रूप लिहून घेणार आहेस का? आणि हाक कोण जास्त मारणार आहे? पहिल्याला ती ठामपणे हो म्हणाली. दुसऱ्यावर हसली आणि म्हणाली की मूल दिवसभर आईपाशीच असते.

तिने ‘शमुवेल’ लिहिले, ऱ्हस्व मु, आणि त्या पानाच्या चार छायाप्रती काढून ठेवल्या. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. मूल अंगणात धानाच्या पोत्याआड लपले होते आणि वहिनी ओसरीवरून हाका मारीत होत्या, ‘‘सामवेल, ए सामवेल, कोटी गेला रे?’’ तिसऱ्या हाकेला ते बाहेर आले.